मोठ्या सेलचा जावई

माझ्या सासऱ्यांच्या रेडिओला तीन मोठे सेल लागतात. मोठे म्हणजे जुन्या लोखंडी टॉर्चमध्ये एकामागे एक घालतात ते जाड सेल. भिंतीवरच्या घड्याळात असतो तो पेन्सिल सेल. हा फरक आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी सासुरवाडीला, सोनाळ्याला गेलो, तेव्हा हा रेडिओ बंद होता. गावातल्या दुकानात मोठे सेल संपले होते. सासरे दिवसभर अधूनमधून त्याच्याकडे बघत होते, आजारी बैलाकडे बघावं तसे. पुढच्या खेपेला मी आमच्या देऊळगाव राजाहून तीन सेल नेले, रेडिओ सुरू झाला आणि तेव्हापासून ते काम माझं झालं. काम लहान होतं, पण मी ते नीट करत आलो. दुकानात सेलच्या बुडाशी छापलेली तारीख वाचून घ्यायची. तिन्ही एकाच तारखेचे घ्यायचे. बसवताना प्रत्येकावर बॉलपेनने महिना लिहायचा. एक जुना आणि दोन नवे असं कधी करायचं नाही, त्यात नव्यांचाही नाश होतो. सासरे कोणी आलं की सांगायचे, "हे आमच्या जवाईबुवाचे सेल. अडीच महिने पाहा लागत नाई." ते ऐकून मला बरं वाटायचं. नोकरीत मी हिशेबाच्या टेबलावर बसतो. तिथे माझ्या अचूकपणाचं कौतुक करायची पद्धत नाही.

सासऱ्यांना दोनच मुली. थोरली माझी बायको, धाकटी नांदुऱ्याला दिलेली. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून सासरे एकटेच राहतात, गावाबाहेर संत्र्याच्या मळ्यातल्या घरात. मोबाइल आहे, पण मळ्यात त्याची रेंज येते-जाते आणि तो खिशात वाजला तरी ते आधी इकडेतिकडे बघतात. माझ्या बायकोने चार्जिंगचा रेडिओ घेऊन दिला होता. तो पेटीत पिशवीत गुंडाळलेला आहे. त्यांना हा जुनाच लागतो. सकाळी बातम्या, दुपारी गाणी, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम. दिवसाला साधारण दोन तास.

आता माझ्या साडूबद्दल. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान आहे आणि नांदुऱ्याला एका धान्याच्या अडतीवर काम करतो. तो बोलायच्या आधीच लोक हसायच्या तयारीत असतात. त्याच्या हाताला गुण आहे, हे मी नाकारत नाही. मळ्यातल्या पंपाचा स्टार्टर असो, दाराची कडी असो, तो बसल्या बसल्या काहीतरी करतो आणि ते चालतं. सासरे मला "तुमी" म्हणतात आणि त्याला "तू". पहिली काही वर्षं मी यात माझा मान धरला होता. पुढे पुढे मला ते वेगळं ऐकू यायला लागलं. "तू जेवला काय बे पोट्ट्या," असं ते त्याला म्हणायचे. मला म्हणायचे, "तुमचं जेवण झालं का?"

मागे अधिक महिना आला तेव्हा आम्हा दोघा जावयांना धोंडे जेवायला बोलावणं आलं. सासूबाई नसल्यामुळे सासऱ्यांची बहीण, आमच्या आत्याबाई, स्वयंपाकाला आल्या होत्या. मी थोरला, म्हणून ओवाळणी आधी माझी. मी पाटावर बसलो. शर्टाच्या खिशात नेहमीप्रमाणे तीन मोठे सेल होते, त्यांनी खिसा लोंबत होता. आत्याबाई कुंकू लावत असताना माझ्या लक्षात आलं की कोनाड्याखाली रेडिओ चालू आहे. माझ्या अंदाजाने तो एव्हाना बंद पडायला हवा होता.

ओवाळणी झाल्यावर मी सेल काढले. "मामाजी, सेल आणलेत."

"राहू द्या, जवाईबुवा," सासरे म्हणाले. "मागचे संपले अन् आठ दिवस बंदच होता. मंग यानं येऊन पाहा काय केलं. दाखव रे त्याईले."

साडूने रेडिओ उलटा करून मागचं झाकण काढलं. आत मोठ्या सेलच्या जागी ठिबकच्या जाड नळीचे तीन तुकडे होते, बरोबर मापात कापलेले. प्रत्येक तुकड्याच्या मधोमध, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीत गुंडाळलेला एक पेन्सिल सेल. पेन्सिल सेल लांबीलाही बोटभर कमी असतो. ती फट त्याने पंपाच्या खोक्यातले लोखंडी वायसर एकावर एक ठेवून भरली होती. काही हलत नव्हतं, काही वाजत नव्हतं.

"दोन्हीचा दाब सारखाच असते," साडू म्हणाला. "रेडिओले काय मालूम आत कोण बसला हाय."

"याले म्हणते डोकं," आत्याबाई म्हणाल्या. "तीन मोठ्याच्या पैशात नऊ बारके येतेत."

तो भाव बरोबर होता. एका मोठ्या सेलच्या पैशांत तीन पेन्सिल सेल येतात. मी विचारलं, "पण किती दिवस चालतात?"

"चालतेत ना."

"पण किती?"

"संपले की आवाज बंद होते, साडूभाऊ. तवा समजते."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा हसली, ते मी पाहिलं.

"आता तुमचे ते मोठे सेल प्रदर्शनीत ठेवा लागते," साडू म्हणाला, आणि पुन्हा सगळे हसले. सासऱ्यांनी मात्र ते माझ्या हातातून घेतले, कोनाड्यात देवाच्या फोटोशेजारी ओळीने उभे केले आणि म्हणाले, "असू द्या. कामी येतील."

धोंड्याला जावयाला तेहतीस अनारसे देतात. दोघांची ताटं आली. मी अनारसे मोजले. त्याचे तेहतीस, माझेही तेहतीस. पण माझ्यातले दोन कडेला फुटलेले होते आणि त्याचे सगळे साबूत होते. आत्याबाईंनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. फुटलेले होते एवढंच सांगतो.

परतीच्या गाडीत बायको म्हणाली, "तुम्हाला राग सेलचा आलाय की त्याचा?"

मी म्हणालो, "राग नाही. हिशेब चुकतोय एवढंच."

"मग करा हिशेब."

मी केला. आमच्या माळ्यावर तसाच तीन मोठ्या सेलचा एक जुना रेडिओ पडून होता. तो पुसून सुरू केला. मग नळीचे तुकडे करायला बसलो. हे मला वाटलं होतं तितकं सोपं निघालं नाही. पहिला तुकडा लांब झाला, झाकण लागेना. दुसरा तिरका कापला गेला. तिसऱ्यात सेल सैल बसला आणि रेडिओला जरा धक्का लागला की गाणं तुटायचं. त्याने हेच मळ्यात बसून, शेतातल्या कोयत्याने, गप्पा मारत केलं असणार. मी रविवारचा अख्खा दिवस घालवला आणि वायसर आणायला दोनदा बाजारात गेलो. शेवटी जमलं. तरी हलवून पाहिल्यावर आत बारीक खुळखुळ यायची. त्याच्याकडे ती नव्हती.

मग रोज दोन तास, सासरे ठेवतात तेवढ्याच आवाजात, मी तो रेडिओ लावायला लागलो. बायको म्हणायची, "तुम्ही ऐकत तर नाही."

"ऐकायला नाही लावला."

"मग निदान गाण्यांवर तरी लावा."

अकराव्या दिवशी बातम्या देणारी बाई खोल विहिरीतून बोलल्यासारखी बोलायला लागली आणि थोड्या वेळाने गप्प झाली. मी पुन्हा तीन नवे घातले आणि या वेळी आवाज वाढवून ठेवला. तेव्हा सेल आठवड्यातच बसले. म्हणजे मोठ्या आवाजाला सेल जास्त जातो, हेही पक्कं झालं.

बाकी गणित पाचवीतलं होतं. मोठे सेल अडीच महिने जातात, पेन्सिल दहा-अकरा दिवस. म्हणजे किंमत तिसरा हिस्सा आणि आयुष्य सातवा हिस्सा. स्वस्त म्हणून घातलेले सेल दुपटीपेक्षा महाग पडत होते. न्यायाने हेही सांगायला हवं की घरात कधीमधी लागणाऱ्या टॉर्चमध्ये असं केलं तर चालून जाईल. सेल हाताशी नसेल तेव्हा युक्ती म्हणून ती उत्तमच आहे. पण रोज वाजणाऱ्या रेडिओसाठी ती बचत नव्हती. हे उत्तर आलं तेव्हा मला जेवढा आनंद झाला, तेवढा पगारवाढीच्या कागदावर सही करतानाही झाला नव्हता.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर त्याचा चेहरा दिसला नसता. साडू महिन्यातून बऱ्याच रविवारी मळ्यात असतो, हे बायकोच्या बोलण्यातून कळलं होतं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी एकटाच निघालो. चिखली, खामगाव आणि तिथून सोनाळा. बायको म्हणाली, "एवढ्यासाठी?" मी म्हणालो, "मामाजींना भेटून बरेच दिवस झाले." तिने डब्यात थालीपीठं भरून दिली.

मळ्यात पोचलो तेव्हा सासरे बाजेवर बसले होते. संत्री अजून हिरवी होती, पण फांद्या वाकायला लागल्या होत्या. रेडिओ जागेवर होता आणि बंद होता. मी पाणी प्यालो आणि कोनाड्याकडे पाहिलं. माझे तीन मोठे सेल देवाच्या फोटोशेजारी तसेच ओळीने उभे होते. अधिक महिन्यात होते तसेच. वर धूळ बसली होती.

"रेडिओ बंद आहे का, मामाजी?"

"हाव. परवाच्यापासून बंद हाय. सेल गेले."

"मग हे माझे का नाही घातले?"

"घालीन ना."

या दोन-अडीच महिन्यांत पेन्सिल सेल किती वेळा संपले असतील, हे मला माहीत होतं. पाच-सहा वेळा तरी. आणि दर वेळी मोठे सेल हाताच्या अंतरावर उभे होते. झाकण काढून नळ्या बाहेर घ्यायच्या आणि सेल घालायचे, एवढंच काम. ते त्यांना येत होतं. तरी ते माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण मी माझं उत्तर घेऊन आलो होतो. मी त्यांना सगळं सांगितलं. अकरा दिवस, अडीच महिने, तिसरा हिस्सा, सातवा हिस्सा. आवाज वाढवला तर काय होतं तेही सांगितलं. ते शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होते.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मले मालूम हाय, जवाईबुवा. दहा दिवसांच्या वर जात नाई थे."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मी रोज ऐकतो ना. मले नाई तं कोनाले मालूम राहीन?"

"मग हे महाग पडतं, मामाजी."

"पडते." त्यांनी बाजेखालचा वहाणांचा जोड पायाने सरळ केला. "मोठे घातले की तुमी अडीच महिने येत नाई. बारके घातले की थो दहा दिवसांनी येते. तुमी हिशेबाचे मानूस हा. आता तुमीच लावा."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. भाव विचारल्यावर भाव सांगावा, तसं त्यांनी सांगितलं. मला लावायला काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं माझे सेल जास्तीत जास्त दिवस चालावेत म्हणून मी बुडाच्या तारखा वाचत होतो.

मला ओशाळल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर त्या वेळी मला साडूचाच हेवा वाटला, आणि तोही आधीपेक्षा जास्त. मला अजून हेही कळत नव्हतं की त्याने हे ठरवून केलं होतं की सहज त्याच्या हातून घडलं होतं. ठरवून केलं असेल तर तो माझ्याहून हुशार होता. सहज घडलं असेल तर तो माझ्याहून नशीबवान होता.

तेवढ्यात बांधावरून मोटारसायकलचा आवाज आला. साडू उतरला. एका हातात वांग्यांची पिशवी, शर्टाच्या खिशात तीन पेन्सिल सेल. त्याचा खिसा लोंबत नव्हता.

"अरे, साडूभाऊ. आज सूर्य कुठून उगवला?"

तो पुढे काही बोलायच्या आत सासरे बाजेवरून त्याच्यावर ओरडले. "काऊन रे, दोन दिवस झाले, मुक्यावानी बसून राह्यलो मी इथं. तुले काई हाय का त्याचं?"

"माल उतरून राह्यला होता, मामाजी. सोयाबीनचे दिवस हायेत. आलो ना आता."

"आला म्हणे. गुरुवारी येनार होता. वांगे कायले आणले? वांगे काय इथं होत नाई?"

"तुमच्याले कीड हाय."

"कीड तुह्या अडतीत हाय."

साडू हसत हसत खाली बसला आणि नळ्या काढायला लागला. मी बाजूला उभा होतो. इतक्या वर्षांत मला उशिराबद्दल या घरात कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी चार महिन्यांनी गेलो तरी "या, बसा, पाणी घ्या" असंच व्हायचं. त्याला दोन दिवसांसाठी एवढं ऐकावं लागलं होतं, आणि तो ते कान खाजवत ऐकून घेत होता. त्यातलं अर्धं मला मिळालं असतं तर मी खाली मान घालून घेतलं असतं.

नंतर तो विहिरीवर हात धुवायला गेला, तेव्हा मी त्याच्या मागे गेलो. एवढ्या लांब आलो होतो, न सांगता जाणं जमलं नसतं. मी म्हणालो, "हे मोठ्या सेलपेक्षा दुपटीहून महाग पडतं. मी करून पाहिलंय."

"दुपटीनं?" त्याने हात झटकले. "अन् नांदुऱ्याहून इथवरचं पेट्रोल कोन धरनार, साडूभाऊ? थे काऊन सोडलं?"

मी पेट्रोल धरलंच नव्हतं. अकरा दिवस रेडिओ वाजवला, दुकानाचे भाव लिहिले, आणि त्याचं येणं-जाणं हिशेबाबाहेर राहिलं होतं. तो मात्र हसत पुढे निघून गेला. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला त्याच्या पाठीवरून कळलं नाही.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "झाला का हिशेब बरोबर?"

"झाला," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन येतो."

"थालीपीठं आवडली का बाबांना?"

"साडूने खाल्ली."

पुढच्या महिन्यात दुसऱ्या शनिवारी सुट्टी होती. मी दुकानात गेलो. दुकानदाराने सवयीने मागच्या फळीवरचे मोठे सेल काढले. मी म्हणालो, "नको. पेन्सिल द्या, तीन." तो म्हणाला, दहाचं पाकीट घ्या, सेलमागे दीड रुपया वाचतो. दुसरं कोणी असतं तर मी त्याला पाकीटच घ्यायला लावलं असतं. मी तीनच सुटे घेतले. तारीख मात्र वाचली. ती सवय जात नाही.

चिखली, खामगाव, सोनाळा. मळ्याच्या फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. झाडांवरची संत्री पिवळी पडायला लागली होती. घराजवळ आलो आणि रेडिओचा आवाज ऐकू आला. बातम्या चालू होत्या, स्पष्ट, नव्या सेलचा आवाज.

सासरे म्हणाले, "या, बसा. पाणी घ्या."

मी खिशातले सेल काढून हातात धरले. त्यांनी ते पाहिले, पेन्सिल आहेत हेही पाहिलं.

"कालच आल्ता थो," ते म्हणाले. "कालच नवे घातले."

"कालच?"

"हाव. रातच्याले जेवून गेला."

काल शुक्रवार होता. अडतीवर कामाचा दिवस. तरी तो आला होता. मी तीन गाड्या बदलून आलो होतो आणि एका दिवसाने चुकलो होतो. मी सेल कोनाड्यात ठेवायला उठलो. तिथे माझे मोठे सेल अजून उभे होते.

"तिथं नका ठेवू," सासरे म्हणाले. "खिशात ठेवा. पुढच्या खेपेस घेऊन येजा."

"पण तोवर तो येऊन घालून जाईल."

हात लांब करून त्यांनी रेडिओचं बटण फिरवलं आणि आवाज वाढवला, होता त्याच्या दुपटीने. माझ्या सासऱ्यांना ऐकायला अजिबात कमी येत नाही. बातम्या साऱ्या मळ्याला ऐकू जायला लागल्या. मी खिशावर हात ठेवून त्यांच्या शेजारी बाजेवर बसलो.